नगर परिषदेचं तक्रार अ‍ॅप : अख्खा पावसाळा वापरल्यावर

तीन तारे होते, त्याचे दोन केलेत. कारण एकच, ती ‘निवारण झाले’ची हिरवी पट्टी. रस्त्यावरचा बंद दिवा लागला का, हे तक्रारदाराला न विचारताच ठेकेदाराचा माणूस ती लावून मोकळा होतो. फोटोची सक्ती तक्रार करणाऱ्याला, मिटवणाऱ्याला नाही! ज्याने काम केलं त्यानेच ते पास करायचं, हे घराच्या शाकारणीतसुद्धा कोणी चालवून घेणार नाही.

बाकी अ‍ॅप बरं आहे. मराठी नीट, ओटीपी वेळेवर. कचऱ्याची तक्रार पटकन सुटते, कारण गाडी आणि माणसं एकाच हाताखाली. पथदिव्याचं तसं नाही. खांब नि तारा वीज कंपनीच्या, दिवा नगर परिषदेचा, देखभाल ठेकेदाराची, रस्ता बऱ्याचदा बांधकाम खात्याचा. अ‍ॅप यांतल्या एकालाच ओळखतं. 2015 च्या स्मार्ट सिटी अभियानात 100 शहरांना सगळी खाती जोडणारे नियंत्रण कक्ष मिळाले. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांपर्यंत अ‍ॅप तेवढं पोचलं. प्रभाग समित्याही घटनेने 3 लाख आणि त्यावरच्या लोकवस्तीलाच बंधनकारक, म्हणजे आपल्यासारख्या छोट्या गावांना गाऱ्हाणं न्यायची तीही वाट नाही.

म्हणून नुसतं ‘पथदिवा बंद’ लिहू नका. एकच दिवा गेला असेल तर दोष बहुधा फिटिंगचा, म्हणजे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) किंवा फ्यूज. अख्खी ओळ बंद असेल तर टायमर, कॉन्टॅक्टर (अख्खी ओळ चालू-बंद करणारा स्विच) नाहीतर पथदिव्यांची वेगळी तार तुटलेली. भर दिवसा ओळ पेटलेली असेल तर टायमर बिघडलाय किंवा कॉन्टॅक्टर चिकटलाय. वारा आला की दिवा मिणमिणतो? जोड ढिला. आपल्याकडे हेच जास्त. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याची वायर गुंडाळून वर टेप मारतात. खाऱ्या हवेत तिथलं अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड धरते. बायमेटॅलिक कनेक्टर (तांबं नि अ‍ॅल्युमिनियम जोडायचा खास तुकडा) घातला तर जोड टिकतो. तो न घालता फिटिंग बदलली तर दिवा लागतो, पट्टी हिरवी होते आणि पुढच्या वादळी पावसात पुन्हा काळोख. मग नवी तक्रार, नवा क्रमांक; जुन्या तक्रारीची कुठे नोंदच नाही. म्हणून ‘जोड तपासावा, बायमेटॅलिक कनेक्टर घालावा’ असं वर्णनातच लिहा आणि मागचा तक्रार क्रमांकही टाका.

गणपतीनंतरची भर : नव्या अपडेटमध्ये खांब क्रमांकाचा रकाना आलाय आणि तो खरोखर कामाचा आहे. दाट माडांच्या वाडीत जीपीएसची खूण सहज शेजारच्या प्रभागात पडते आणि तक्रार भलत्याच मुकादमाकडे जाते. नंबर टाकला की घोळ मिटतो. खांबावरचा रंग उडाला असेल तर दोन्ही बाजूंच्या खांबांचे नंबर द्या. त्यासाठी अर्धा तारा परत. पट्टी मात्र अजून तशीच.

एकाच खांबाची तक्रार वारंवार ‘निवारण’ होत असेल तर पट्टीचे स्क्रीनशॉट ठेवा आणि माहिती अधिकारात त्या खांबाच्या कामाची एमबी (मोजमाप पुस्तिका) नि ठेकेदाराच्या देयकाची प्रत मागा. अर्जाला 10 रुपये, प्रतीला पानामागे 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पोस्टाचे पैसे वाचवा. अर्ज आवक-जावकला हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.