डब्याची चावी हरवली आणि बर्डीवरचे चाचा

कचऱ्याच्या डब्याची चावी कुठे पडली ते अजून कळलं नाही. आईचं म्हणणं, कचऱ्यासोबत डब्यातच गेली. "कचऱ्याले कुलूप लावते का कोणी?" हे ती डबा आणला त्या दिवसापासून विचारून राहिली आहे. पण नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात आमचं घर पडतं कोपऱ्यावर. झाकण उघडं राहिलं की गायी डबा आडवा करतात, आणि येणारा-जाणारा खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या त्यातच टाकतो. म्हणून हा चाकांचा, कुलपाचा हिरवा डबा.

त्यात मे महिना, दोन दिवसांचा ओला कचरा, आंब्याच्या साली. पुढचं सांगत नाही. ज्यांच्याकडून डबा घेतला त्यांना फोन केला, तर म्हणे चावी वेगळी मिळत नाही, अख्खं झाकण घ्या, 1,100 रुपये. डब्याच्या निम्मे!

छन्नी-हातोडा काढलाच होता, तेवढ्यात मित्राने बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, फुटपाथवर बसणाऱ्या चावीवाल्या चाचांचा नंबर दिला. फोटो पाठवला. "तोडू नका भाऊ, हे लेटरबॉक्सचं कुलूप आहे. ड्रॉवरलाही हेच लागते. तोंडावर नंबर असन, तो वाचा." घासून घासून वाचला. त्या नंबरची चावी त्यांच्या जुडग्यात नव्हती. मग म्हणाले, झाकण घेऊन या, मागची दांडी ठोकून काढा. खरंच, बिजागरीची दांडी सरकवली आणि कुलपासकट झाकण मागून निघालं. म्हणजे हे कुलूप गायीसाठी आहे, माणसासाठी नाही, हे त्या दिवशी कळलं.

झाकण अ‍ॅक्टिव्हावर पायाशी उभं धरून बर्डी गाठली. रस्त्यात लोक बघत होते.

काम मात्र बघण्यासारखं. पितळेची कोरी चावी कुलपात घालायची, जोर देऊन थोडी हलवायची. आतल्या पत्त्या जिथे अडतात तिथे पितळेवर बारीकसा ठिपका उमटतो. तेवढंच कानसीने घासायचं, पुन्हा घालायची. असं दहा-बारा वेळा. चष्मा कपाळावर, ठिपका बघताना चावी नाकाजवळ. वीस मिनिटांत कुलूप फिरलं. पहिल्या चावीचे 150, तिच्यावरून दुसरीचे 50. कुलूपच बदलायचं तर मागचा नट सोडून नवीन 180 मध्ये बसलं असतं, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. जुनी चावी कोणाच्या हाती लागली असेल अशी शंका असेल तर तेच करा. माझ्या कचऱ्यावर कोणाचा डोळा असणार!

कुलपात तेल सोडू नका म्हणाले, धूळ चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. घातली, चावी मऊ फिरते.

तक्रार एकच. अकराला या म्हणाले, स्वतः आले साडेबाराला. तिथे सावली नाही. जाण्याआधी फोन करा, आणि दुपट्टा बांधून जा.