‘सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा फ्लॅश

गणपतीला महिना उरला की कोकणात स्वस्त फ्लॅशची खरेदी सुरू होते. ज्याने नुकताच पहिला डीएसएलआर घेतला आहे, असा मुलगा ऑनलाइन जाहिरात बघतो किंवा मुंबईहून गावी येणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगतो. खोक्यावर ‘फॉर कॅनन, निकॉन, सोनी’ असं ठळक छापलेलं असतं. बटण दाबलं की लख्ख उजेड पडतो, आणि विकणारा सांगतो, “दादा, सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो.” माल घरी येतो, कॅमेऱ्यावर चढतो आणि फोटो काळाच येतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: “तुमच्या कॅमेऱ्यात फॉल्ट आहे.”

फॉल्ट कॅमेऱ्यात नसतो. फ्लॅशवरच्या टेस्ट बटणाने फक्त दिवा आणि आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) चालू आहेत एवढंच कळतं, कॅमेऱ्याशी बोलणं होतंय की नाही हे कळत नाही. ते कळायचं तर फ्लॅश उलटा करून त्याचा पाय बघा. मधोमध एकच गोल पिन असेल तर तो फक्त ‘आत्ता पेट’ एवढाच निरोप घेऊ शकतो. टीटीएल म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश किती पेटायचा हे कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं. कॅनन टीटीएलच्या पायाला मोठ्या पिनेशिवाय आणखी चार छोट्या पिना असतात, निकॉनला तीन. सोनीच्या नव्या शूमध्ये (हॉट शू म्हणजे फ्लॅश बसतो ती कॅमेऱ्यावरची खाच) बारीक संपर्कांची रांग पुढच्या कडेला आत दडलेली असते. त्यामुळे एकच पाय तिन्ही कंपन्यांना टीटीएल देतो, हा दावा ऐकला की पैसे खिशातच ठेवा.

आता कॅमेऱ्याचा हॉट शू बघा. नवशिके सर्वांत जास्त फसतात ते इथेच. कॅननच्या १५००डी, ३०००डी, २००डी मार्क टू यांसारख्या स्वस्त मॉडेलांत मधला गोल संपर्क नसलेले शू आढळतात. अशा कॅमेऱ्यावर एकपिनी फ्लॅश कधीच पेटणार नाही, मग तो कितीही चांगला असो. गोडॉक्स टीटी६०० हा मॅन्युअल, म्हणजे पॉवर स्वतः ठरवायला, शिकायला उत्तम फ्लॅश आहे, पण त्याचा पायही एकपिनीच. मधला संपर्क नसेल तर त्या कॅमेऱ्याला चालतो असं निर्मात्याने स्पष्ट लिहिलेला कॅनन टीटीएल फ्लॅशच घ्या. जाहिरातीतलं वाक्य धरू नका.

दुसरी फसवणूक ‘टीटीएल’ या स्टिकरची. ती पकडायला दोन मिनिटं पुरतात. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, आयएसओ (संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ/५.६, शटर १/१२५, फ्लॅश टीटीएलवर. एका माणसाचा एक फोटो एका मीटरवरून घ्या, दुसरा चार मीटरवरून, मध्ये काहीही बदलू नका. खरा टीटीएल दोन्ही फोटो जवळपास सारखे देतो. जवळचा चेहरा पांढराफटक आणि लांबचा अंधारात गेला, तर स्टिकर खोटं आहे.

तिसरी गंमत गाइड नंबरची, म्हणजे जीएनची. फ्लॅशची ताकद सांगणारा हा आकडा अंतर गुणिले एफ-क्रमांक असा निघतो, आयएसओ १०० धरून. ‘जीएन ६०’ मीटरमध्ये असेल तर एफ/८ ला साडेसात मीटरपर्यंत उजेड पोचतो. पण तेच ६० फुटांत असतील तर मीटरमध्ये ते जेमतेम १८ भरतात. शिवाय मोठा आकडा बहुतेक वेळा झूम हेड (उजेडाचा झोत रुंद-अरुंद करणारं फ्लॅशचं डोकं) १०५ किंवा २०० एमएमला नेऊन मोजलेला असतो. लग्नात तुम्ही हेड ३५ च्या आसपास ठेवणार, आणि तिथे तोच फ्लॅश बराच कमी पडतो. म्हणून स्वतः मोजा: अंधाऱ्या खोलीत माणूस तीन मीटरवर, हेड ३५ वर, फुल पॉवर, आयएसओ १००. ज्या एफ-क्रमांकाला चेहरा बरोबर येतो त्याला तीनने गुणा. एफ/८ ला बरोबर आला तर खरा जीएन २४.

हे मोजमाप आपल्याकडे जास्तच महत्त्वाचं, कारण दुकानातला डेमो पांढऱ्या फॉल्स सीलिंगखाली होतो. फ्लॅश वर वळवला की मऊ, सुंदर उजेड चेहऱ्यावर उतरतो आणि गिऱ्हाईक खूश. गावच्या घरात वर असतात धुराने काळवंडलेले वासे आणि लाल कौलं. तिथे बाउन्सचा उजेड वरच जिरतो, थोडाफार परततो तो तांबूस होऊन. मांडवात लाल-पिवळं कापड असेल तर नवरीचा शालूच काय, गालही त्या रंगाचे होतात. तिथे हेड बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा किंवा हेडच्या मागे पांढरं कार्ड लावा. आणि शटर १/२०० च्या वर नेऊ नका. हाय स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅशने साथ देण्याची सोय) नसेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोत आडवा काळा पट्टा येतो, आणि मग निर्दोष फ्लॅश परत पाठवला जातो.

‘फ्री’ मिळणारे चार्जिंगचे सेल वजनावरून ओळखा. एए निकेल-मेटल हायड्राइड सेल साधारण १९०० ते २७०० एमएएचचा असतो. त्यावर ४८०० लिहिलं असेल तर तो खोटा. खरा सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो. १५-१८ ग्रॅमचा लागला तर आत माल कमी आहे हे सरळ समजा. असे सेल दशावताराच्या पहिल्या प्रवेशातच मान टाकतात.

जुना फ्लॅश घेताना खारी हवा लक्षात ठेवा. सेलचं झाकण उघडून स्प्रिंगवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड आहे का बघा. वरून पुसलेली असली तरी कोपऱ्यात उरते. ट्यूबची टोकं काळी पडलेली किंवा पुढचं प्लास्टिक पिवळं, वितळलेलं दिसलं तर तो भरपूर वापरलेला आहे. नवे भरलेले सेल घालून फुल पॉवरवर दहा वेळा पेटवा आणि प्रत्येक वेळी भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा. पहिलाच दहा सेकंदांहून जास्त घेत असेल तर नको म्हणा. फिल्मच्या काळातला फ्लॅश ‘दणकट आहे’ म्हणून दिला, तर आधी मल्टिमीटर डीसीवर ठेवा, फ्लॅश भरू द्या आणि मधली पिन व पायाची धातूची कड यांमधला व्होल्टेज मोजा. व्हिवितार २८३ च्या जुन्या प्रतींत तो २०० व्होल्टच्या वर निघतो, आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. फ्लॅश स्वतः मात्र उघडू नका. बंद असतानाही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात.

पैशांचं शेवटचं. ‘बदली झालीय, स्वस्तात विकतोय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे टोकन परत येईल’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पार्सल उघडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा, बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, परदेशी माल असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता हवाच. विकणारा टोलवाटोलवी करू लागला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही दाद लागली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. दुकान दिल्लीत असलं तरी वेंगुर्ल्याच्या माणसाला दिल्लीचे खेटे घालावे लागत नाहीत.