सॅल्मनच्या किटच्या नावाखाली नाशिकमध्ये गंडवणूक चालू आहे, सावध राहा

गंगापूर धरणाकडे गळ टाकून बसणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गृहस्थ 'डीप वॉटर सॅल्मन किट', म्हणजे खोल पाण्यातला सॅल्मन मासा पकडायचं सामान, विकतोय. ज्यांची मुलं-जावई कॅनडात आहेत त्यांना तो बरोबर हेरतो. माझे ३२ हजार गेले, म्हणून सविस्तर लिहितोय.

जावयाची व्हँकूव्हर बेटावर, कॅम्पबेल रिव्हरला, छोटी बोट आहे. उन्हाळ्यात आम्ही तिकडे जाणार होतो. गृहस्थ म्हणाला, "काका, हेच सामान तिकडे दुप्पट पडतं. इंपोर्टचा माल आहे, अंबडला आपलं गोडाऊन आहे." बोलणं एकदम मुद्देसूद. चिनूक सॅल्मन भर उन्हाळ्यात खाली थंड पाण्यात असतो, तिथवर आमिष न्यायला डाउनरिगर लागतो. बोटीच्या कडेला चरखी, चरखीवर स्टीलची तार, तारेच्या टोकाला शिशाचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवायची. मासा लागला की क्लिप दोरी सोडते आणि पुढची झुंज नुसत्या रॉडवर. यातलं एक अक्षर खोटं नाही. माहिती शंभर टक्के खरी आणि माल शंभर टक्के नकली, अशी ही जात आहे.

खोका घरी आला. गोळ्यावर १० पौंडांचा आकडा, म्हणजे साडेचार किलो. घरच्या काट्यावर तो तीन किलोही भरेना. वरचं काळं रबरी आवरण कटरने खरवडलं आणि फ्रिजवरचा मॅग्नेट लावला. टक्कन चिकटला! शिशाला लोहचुंबक चिकटत नाही. आत चक्क बीड, म्हणजे ओतीव लोखंड, होतं. (लोखंडाचे गोळे विमानातून न्यायचे हे आमच्या सौ.ना आधीपासूनच पटलेलं नव्हतं.)

वजनाचा एवढा बाऊ कशाला, असं कुणी म्हणेल. ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, बोट साधारण ताशी चार किलोमीटरने चालते. त्या वेगात हलका गोळा पाण्याच्या रेट्याने मागे आणि वर उचलला जातो. चरखीचा आकडा १०० फूट दाखवतो, आमिष मात्र त्याच्या बरंच वर तरंगत असतं. मासा खाली, आमिष वर. दिवसभर डिझेल जाळा आणि नशिबाला दोष द्या. पाण्याखालचं काही दिसत नाही, म्हणून या सामानात खपवाखपवी सोपी.

फ्लॅशरचंही तेच. ११ इंची चकचकीत पट्टी पाण्यात गोल फिरते आणि मागच्या हूचीला, म्हणजे प्लास्टिकच्या माकूळला, झटके देते. ती फिरायची तर दोन्ही टोकांना बॉल बेअरिंगचे स्विव्हल (गोल फिरणारे जोड) हवेत. माझ्याकडे आलेले बोटाने फिरवले तरी अडकत होते; असल्याने दोरीला पीळ पडून गुंता होतो. 'ग्लो', म्हणजे अंधारात चमकणारे, म्हणून दिलेले स्पून (चमच्यासारखी धातूची आमिषं) टॉर्चखाली धरून अंधाऱ्या कपाटात ठेवले. काळेकुट्ट! नुसता पोपटी ऑइलपेंट होता. खोल पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, म्हणून लोक ग्लोसाठी जास्त पैसे मोजतात, आणि हा नेमके तेच उकळतो. हुकांच्या टोकाला उलटे काटे होते. ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सॅल्मनला बिनकाट्याचाच हुक चालतो. तेवढं एक पकडीने दाबून भागलं असतं.

सगळ्यात मोठी बनवाबनवी लायसन्सची. "तिकडचं वर्षाचं लायसन्स मी काढून देतो" म्हणून वेगळे साडेचार हजार घेतले आणि एक पीडीएफ पाठवली. मुदत जानेवारी ते डिसेंबर. जावयाने बघताक्षणी सांगितलं, तिथल्या समुद्रातल्या मासेमारीचं वार्षिक लायसन्स १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. शिवाय सॅल्मन पकडून ठेवायचा तर वेगळा स्टॅम्प लागतो, तोही त्यात नव्हता. खरं लायसन्स कॅनडा सरकारच्या मत्स्य विभागाच्या साइटवर पर्यटकालाही स्वतः काढता येतं. मध्ये एजंट कशाला लागतो? तो कागद घेऊन बोटीवर गेलो असतो तर दंड जावयाच्या बोकांडी बसला असता.

फोन केला तर म्हणे, "काका, माल पाण्यात गेला की वॉरंटी संपते." खोका हॉलमध्येच पडलेला होता! दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. पैसे क्यूआरने भलत्याच नावावर गेलेले, बिल नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे गेल्याचं कळताच हा नंबर फिरवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडकण्याची शक्यता जास्त. चॅट, क्यूआर, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ग्राहक आयोगातही दाद मागता येते: आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी तीच तयारी करतोय. अडचण एकच, नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि अंबडला त्याने सांगितलेल्या गाळ्यात पिठाची गिरणी आहे. त्याच्याकडून माल घेतलेलं आणखी कुणी असेल तर व्यवहाराचा पुरावा घेऊन पुढे या, एकत्र तक्रार करू.