शहागंजातले बलुची गालिचे : हेलिकॉप्टर नंतर बघा, आधी पाठ बघा

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरमागे, गल्लीत जुन्या गालिच्यांचं एक दुकान आहे. नाव टाकत नाही, कारण दुकानदार चाचांनीच बजावलंय, "नेट पे नक्को डालो भाई. लोगाँ फोन पे भाव पूछते, आता कोई नहीं." पण ज्यांना अफगाणिस्तानातले लढाईचे गालिचे, म्हणजे वॉर रग, हातात घेऊन बघायचेत त्यांनी तिथं जाच. आपल्या मराठवाड्यात असा माल सहसा बघायला मिळत नाही.

मी पैठणच्या एका साडीच्या दुकानात बसतो. पैठणी आली की आधी पदर उलटा करायचा हा हाताला लागलेला चाळा. म्हणून चाचांचं पहिलं वाक्यच आवडलं : "पलटा के देखो, कायकू शरमाते." मुंबईतल्या एका मोठ्या शोरूममध्ये गालिच्याला हात लावला तर पोरगा धावत आला होता. इथं मात्र चाचा स्वतः गालिचा उचलून दारातल्या उजेडात उलटा टाकतात.

१९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. त्यानंतर पश्चिमेकडच्या बलुच विणकरांच्या, आणि इराण-पाकिस्तानात पळून गेलेल्या निर्वासितांच्या हातमागांवर फुलापानांच्या जागी रणगाडे, कलाश्निकोव्ह बंदुका, हातबॉम्ब आणि एमआय-२४ हेलिकॉप्टरं यायला लागली. सुरुवातीच्या कित्येक नगांत ती इतकी लपवलेली असतात की किनारीतलं फूल समजून आपण पुढं जातो, मग त्या फुलाला चाकं दिसतात. मला हेच आवडतात. नंतर परदेशी सैनिक, पत्रकार, मदतसंस्थांचे लोक गिऱ्हाईक झाले आणि माल उघड बोलायला लागला : अफगाणिस्तानचा नकाशा, परतणारे रणगाडे, इंग्रजी अक्षरं. २००१ नंतरचे जुळ्या मनोऱ्यांचे गालिचे तर अमेरिकी विमानांनी टाकलेल्या पत्रकांवरून उचललेत. अमेरिका आणि अफगाणिस्तानचे झेंडे आणि मध्ये कबुतर. चाचांकडे तसा एक आहे. रंग भडक, ताणा म्हणजे उभे धागे पांढरे सुती. फुकट दिला तरी मी भिंतीला लावणार नाही.

मी घेतला तो अडीच बाय चार फुटांचा. जमीन काळपट निळी, त्यावर विटकरी आणि उंटाच्या रंगाची लोकर. ताणाही लोकरीचा, दशांचा एक धागा सोडवून पिळून बघितला की सूत आणि लोकर लगेच कळते. दशा म्हणजे ताण्याचीच टोकं असली पाहिजेत. मागाहून शिवलेली झालर दिसली तर पुढं बोलायचंच नाही. दोन्ही टोकांना गाठी संपल्यावर चार बोटं साधी विणलेली पट्टी आहे, ती बलुची कामात बऱ्याचदा असते. पाठीमागून इंचभर मोजलं तर आडव्या आठ, उभ्या नऊ गाठी आल्या. काश्मिरी गालिच्याची सवय असलेल्याला हे जाडंभरडं वाटेल. बलुची मालाला हे चांगलं. गालिचा मधोमध दुमडून लव फाकवली की गाठ दिसते : धागा एका ताण्याला पुरता वेढा घालतो आणि शेजारच्याच्या मागून नुसता निघून जातो. ओला पांढरा रुमाल लाल भागावर घासला, डाग पडला नाही.

कोपऱ्यात फारसी आकड्यांत १३६५ विणलंय. चाचा उर्दू वाचणारे, त्यांनी आपल्या चांद्र हिजरीनं हिशेब लावला आणि म्हणाले, "१९४६ का है, दादा-परदादा का माल." अहो चाचा, किनारीत हेलिकॉप्टर आहे! तेव्हाचं अफगाणी वर्ष सौर हिजरी, म्हणजे सूर्यावर चालणारं, त्यात ६२१ मिळवायचे. म्हणजे १९८६, लढाई ऐन भरात असतानाचं. तेही डोळे झाकून मानायचं नाही, कारण जुन्या नगावरून आकड्यासकट नक्षी उतरवतात. पण लोकरीचा ताणा, झिजलेली लव आणि पाठीची घासून आलेली चमक त्या तारखेशी जुळत होती. चाचा हसले आणि भाव खाली आला. अडतीस हजारांवरून सत्तावीस.

आता कुरकुर. भावाची चिठ्ठी कशावरच नाही, माणूस बघून आकडा निघतो. दुकानातला प्रत्येक गालिचा "बलुची" असतो. त्यात दोन तरी मला तुर्कमेनी वाटले, ती तांबडी जमीन आणि हत्तीच्या पावलासारखे अष्टकोन लपत नाहीत. पावती मागितली तर साध्या वहीचं पान मिळतं, त्यावर नुसतं "गालिचा १". मी लोकर, मोजमाप, तारीख सगळं लिहून घेतलं, तुम्हीही घ्या. आणि एका गठ्ठ्याला कसर लागलेली होती. घरी आणल्यावर दोन्ही बाजूंनी कडक ऊन दाखवा आणि महिनाभर बाकीच्या लोकरीच्या कपड्यांपासून लांब ठेवा.

घरी बायको म्हणाली, "बैठकीत बंदुका कामून अंथरल्या?" मग तिनंच गुडघे टेकून हेलिकॉप्टरं शोधली. मला सापडली नव्हती अशी दोन खालच्या किनारीत निघाली. गालिचा आता भिंतीवर आहे, पायाखाली नाही.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. गाडी टॉवरपाशीच लावा, गल्लीत फक्त दुचाकी जाते. सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा दारात ऊन असतं आणि पाठ नीट दिसते. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काळा आणि निळा एकच दिसतो.