दोन पिवळे दिवे, 41,000 रुपये आणि न बदललेलं एबीएस मॉड्यूल

गणपतीला आजरा-आंबोलीच्या वाटेने तळकोकणात उतरणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा, आणि घरातल्या गाडी चालवणाऱ्या पोरांना, पोरींनाही वाचायला लावा. कराड ते कोल्हापूर या पट्ट्यात हायवेला लागून असलेल्या एका गॅरेजने माझ्याकडून रोख आणि यूपीआय मिळून 41,000 रुपये घेतले. गाडीतला जो भाग त्यांनी काढलासुद्धा नाही, तो बदलल्याचे हे पैसे. खरा बिघाड नंतर सावंतवाडीत 2,890 रुपयांत गेला.

गाडी 2020 ची, पेट्रोल. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, तेही कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये. कराड सोडल्यावर पावसाची मोठी सर आली, खड्ड्यात मागचं चाक जोरात आपटलं आणि थोड्या वेळाने डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागले: एक एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक न होऊ देणाऱ्या सोयीचा, दुसरा घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला, म्हणजे ट्रॅक्शनचा, चाक जागच्या जागी घसरू न देणाऱ्या सोयीचा. लाल दिवा नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे. गाडीत माझी आई होती, तिची बायपास झालेली आहे. बायको, मुलगी, आणि मागे मखराचं सामान. कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन लावला तर गणपतीची गर्दी आहे, तीन-चार तास धरून चाला म्हणाले. पुढे आंबोलीचा घाट उतरायचा होता. अशा वेळी समोर ‘सर्व कंपनीच्या कार, कॉम्प्युटर स्कॅनिंग’ असा बोर्ड दिसल्यावर माणूस गाडी आत घालणार नाही तर काय करणार?

गॅरेजवाल्याने आधी बोनेट उघडलं. मला म्हणाला, “साहेब, आजींना आत पंख्याखाली बसवा, चहा सांगतो.” आम्ही आत गेलो. परत येऊन पाहतो तर इग्निशन चालू, डॅशबोर्डवर तीन दिवे. दोन पिवळ्यांच्या जोडीला आता ब्रेकचा लाल दिवाही, गोलात उद्गारचिन्ह असलेला. तो बोट ठेवून म्हणाला, “हे बघा, लाल लागला. आता ह्यो ब्रेक घाटात लागंल याची ग्यारंटी न्हाई. मॉड्यूल गेलंय.”

तो क्षण मला अजून झोपू देत नाही. आत येताना लाल दिवा नव्हता. मुलीने मामाला विचारायला म्हणून वाटेतच डॅशबोर्डचा फोटो काढून पाठवला होता, त्यात दोनच दिवे आहेत, वेळेसकट. मग चालत्या गाडीत न लागलेला लाल दिवा उभ्या गाडीत, बोनेट उघडल्यावरच कसा लागला? नंतर कळलं. एबीएसच्या युनिटवर, म्हणजे त्याच मॉड्यूलवर, वायरींचा एक मोठा कनेक्टर असतो. तो उपसला की बहुतेक गाड्यांमध्ये एबीएस आणि ट्रॅक्शनसोबत लाल दिवाही पेटतो, कारण पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटण्याचं कामही तेच युनिट करतं. कनेक्टर बसवला की लाल दिवा गेला. नवीन मॉड्यूल टाकल्यावर दिवा गेला असं त्याने जे दाखवलं, ते एवढंच होतं.

पण त्या वेळी मला कोण सांगणार होतं? मी इंजिनियर असलो तरी सिव्हिलचा. भर पावसात, आजारी आईला घेऊन घाट उतरायच्या तयारीत असलेल्या माणसाला ब्रेक लागणार नाही असं सांगितल्यावर त्याने कनेक्टर तपासत बसायचं का? लोक आता म्हणतात, तू शिकलेला माणूस. त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की तुमची आई मागच्या सीटवर बसलेली असताना नाही म्हणून दाखवा.

त्याने वहीच्या कागदावर हिशोब लिहिला: स्कॅनिंग 1,200, एबीएस मॉड्यूल 34,500, प्रोग्रॅमिंग 3,500, ब्रेक ऑइल आणि ब्लीडिंग (ब्रेकच्या पाइपांतली हवा काढणं) 1,800, मजुरी 2,500. एकूण 43,500. घासाघीस करून 41,000. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, “देतो की, पन वर अठरा टक्के जीएसटी पडंल.” म्हणजे आणखी 7,380. मी गप्प बसलो. 25,000 यूपीआयने दिले. पैसे गॅरेजच्या नावाने न जाता कुणातरी बाईच्या नावावर गेले. 16,000 रोख दिले, गणपतीच्या खर्चाला काढलेले. स्क्रीनवर गॅरेजचं नाव येत नसेल तर तिथेच हात आखडा. आणि कोणताही पार्ट बदलला तर जुना मागून डिकीत टाका, लाजू नका. मला सांगितलं की जुनं मॉड्यूल कंपनीला एक्स्चेंजमध्ये परत जातं. नवीन ‘पार्ट’ एका पोराने मोटरसायकलवर आणला. खोक्यावर ना पार्ट नंबर, ना छापील किंमत. बंद खोक्यातल्या मालावर एमआरपी छापलेली असावीच लागते. ती नसलेला पार्ट आपल्या गाडीला लावू देऊ नका.

निपाणीच्या अलीकडेच दोन्ही पिवळे दिवे परत लागले. फोन केला तर उत्तर असं: “नवीन मॉड्यूल सेट व्हायला वेळ लागतो साहेब, शंभरेक किलोमीटर चालवा.” असं काहीही सेट होत नसतं! आंबोलीचा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून उतरलो. नुसते पिवळे दिवे असतील तर साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक न होऊ देण्याची सोय बंद असते, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्या गॅरेजात शिरलोच नसतो. लाल दिवा मात्र चालत्या गाडीत लागला तर खरोखर थांबा. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, मग बोनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली. पातळी मिनच्या रेघेखाली असेल तर गाडी पुढे नेऊ नका.

सावंतवाडीत भाच्याच्या ओळखीचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. त्याने काहीही उघडण्याआधी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कोड आला सी 0045, डावं मागचं चाक, स्पीड सेन्सर. मग मला गाडी हळू चालवायला सांगून तो शेजारी बसला. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग वेगवेगळा दिसतो. तीन चाकं 12 दाखवत होती, चौथं शून्य. एवढं साधं! प्रत्येक चाकाच्या हबपाशी एक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते युनिटला कळवतो. एबीएस, ट्रॅक्शन, चढावर गाडी मागे न येऊ देणारी सोय, या सगळ्यांना त्या चार सेन्सरांची माहिती लागते. त्यामुळे एक सेन्सर मेला की दोन-तीन दिवे एकदम लागतात. तीन दिवे म्हणजे तीन बिघाड असं सांगणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाहीतर चोर.

चाक काढल्यावर वायर दिसली. अ‍ॅक्सलजवळची प्लॅस्टिकची क्लिप तुटून वायर घासत होती, वरचं कव्हर सोललेलं आणि आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. नवीन सेन्सर 1,940, मजुरी 450, स्कॅनिंग 500. पावतीसकट.

मग मीच त्याला मॉड्यूल बघायला सांगितलं. त्याने टॉर्च मारली आणि काही बोलला नाही, नुसतं बोट दाखवलं. ब्रेकच्या पाइपांचे नट धुळीने माखलेले होते, तेलकट जुनी धूळ, पान्याचा एक ओरखडा नाही. कारखान्यात नट आवळल्यावर रंगाची एक रेघ मारतात, ती नट आणि बॉडीवर सलग होती. नट अर्धा फेरा जरी फिरला असता तरी रेघ तुटली असती. ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं. नवीन भरलं असतं तर फिकट पिवळं दिसलं असतं. मी तिथल्या तिथे सगळ्याचे फोटो काढले. तुम्हीही कामाआधी आणि कामानंतर बोनेटखालचे फोटो काढा, मेकॅनिकला राग आला तर येऊ दे.

आणखी एक. ऑनलाइन सात-आठशे रुपयांना मिळणारा ब्लूटूथ रीडर घेऊन निर्धास्त राहू नका. त्यातले बहुतेक फक्त इंजिनचे, पी ने सुरू होणारे कोड वाचतात. ब्रेकचे कोड सी ने सुरू होतात. एबीएस वाचतो असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

परतताना गॅरेजवर गेलो. “पावती दाखवा.” पावती यांनीच दिली नाही! इलेक्ट्रिक माल परत घेत नाही, हे वर. मी नटांचे फोटो दाखवले तर चार पोरं भोवती येऊन उभी राहिली.

पोलीस ठाण्यात आधी हद्दीचा वाद. तो भाग आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या ठाण्यात जा. पलीकडचे म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. दिवाणी कशी? न केलेल्या कामाचे पैसे खोटं बोलून घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? पूर्वी ते कलम 420 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 318 आहे. आणि हद्द कुठलीही असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, असं नव्या कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. हे मी म्हटलं तर हवालदार म्हणाले, “कायदा आम्हाला शिकवू नका.” शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला. पोच मागितली तर साहेब बंदोबस्तात आहेत. आरटीओत सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. जीएसटी कार्यालयात विचारलं, “बिल कुठे आहे?” अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरची मुलगी अदबीने बोलली, तक्रार क्रमांक आला, आणि मग मेसेज आला की समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद, ग्राहक आयोगाकडे जावं. म्हणजे ज्याने लुबाडलं त्याने फोन उचलला नाही की फाइल बंद? एप्रिल 2019 पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. सक्ती करताना सरकारला आमच्या जिवाची काळजी होती, चांगलं आहे. पण ते एबीएस दुरुस्त करणारा माणूस कोण, त्याला काय येतं, तो पावती देतो का, हे विचारणारा या राज्यात एकही अधिकारी मला भेटला नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. वकील लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीही नाही. घटनेपासून दोन वर्षांत दाखल करायची. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून सोडून देऊ नका. आणि बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा पावती नाही म्हणून केस नाही असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. माझ्याकडे यूपीआयची नोंद, तो वहीचा कागद, मुलीने काढलेला दोन दिव्यांचा फोटो, नटांवरच्या रेघेचे फोटो आणि सावंतवाडीची 2,890 ची पावती आहे.

आयोगाची पहिली नोटीस ‘सदर पत्त्यावर इसम आढळला नाही’ असा शेरा मारून पोस्टाने परत आली. बोर्ड तिथेच आहे, गाड्या आत जातायत, गेल्याच आठवड्यात मेहुण्याने स्वतः पाहिलं. आता मी दस्ती नोटिशीचा अर्ज दिला आहे, ती मी स्वतः नेऊन त्याच्या हातात देणार आहे. त्याच पट्ट्यात ‘मॉड्यूल गेलंय’ ऐकून कुणी असे पैसे दिले असतील तर यूपीआयची नोंद पुसू नका आणि आपापल्या जिल्ह्यात तक्रार टाका. आयोगापुढे एकाच गॅरेजच्या चार तक्रारी आल्या तर पत्ता सापडत नाही हे उत्तर त्याला फार दिवस देता येणार नाही.