लांगे की किआन्ती? मोटारींपासून लांब सायकल चालवायची असेल तर

इटलीच्या द्राक्षमळ्यांतले सायकलिंगचे फोटो पाहिले, तर रस्ता कायम रिकामा. प्रत्यक्षात ज्या भागाची वाइन जास्त गाजलेली, तिथे भाड्याच्या मोटारीही जास्त. म्हणून पिएमॉन्तेमधलं लांगे आणि टस्कनीतलं किआन्ती यांतून एक निवडताना 'जास्त सुंदर कोणतं' हा वाद घालू नका, तो मिटणारा नाही. मोटारी चुकवणं कुठे सोपं आहे आणि त्यासाठी सायकल कोणती लागेल, एवढंच पाहा.

माझा कौल आधीच सांगतो. बारीक टायरची रोड बाइक, डांबरी रस्ता आणि दिवसभराचा पल्ला हवा असेल तर लांगे. खडीवर चालवायची तयारी असेल तर किआन्ती. आणि मोटार अजिबात दिसायलाच नको असेल, तर दोन्ही सोडून उत्तरेला बोल्झानोला जा. त्याबद्दल पुढे.

लांगेचं मुख्य ठाणं म्हणजे तानारो नदीकाठचं आल्बा. नेब्बिओलो द्राक्षाची बारोलो, ला मोर्रा, सेर्रालुंगा, मोनफोर्ते ही गावं त्याच्या दक्षिणेला, बार्बारेस्को पूर्वेला. 2014 साली हा मळ्यांचा मुलूख युनेस्कोच्या यादीत गेला आणि त्याच वर्षी जिरो दितालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची फेरी, बार्बारेस्को ते बारोलो अशी झाली. कोलंबियाच्या रिगोबेर्तो उरानने ती मारली. इथली गावं टेकड्यांच्या धारेवर आहेत आणि दोन धारांच्या मध्ये ओढ्याची खोल दरी. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं, पण तिथे जायचं तर आधी खाली उतरायचं आणि मग पुन्हा चढायचं. आल्बा समुद्रसपाटीपासून पावणेदोनशे मीटरच्या आसपास, तर ला मोर्रा पाचशेच्या वर. एकेक चढ काही फार मोठा नाही, पण चढ संपतच नाहीत. पुण्याहून निघून बोपदेव एकदा चढला की झालं, अशी सवय असणाऱ्यांनी तसलाच पण थोडा आखूड घाट एका दिवसात चार-पाचदा चढायची तयारी ठेवावी. मागे मोठी गियरचकती हवीच; पुढे 34 आणि मागे 32 दातांची जोडी असली तर गुडघे दुवा देतील.

आता मोटारींचं. आल्बाहून बारोलोकडे दरीतून जाणारा रस्ता आणि आल्बा–ब्रा रस्ता, या दोन्हींवर सायकल घालू नये. ट्रक असतात, वाइन चाखायला निघालेले पाहुणेही असतात. शनिवार-रविवारी खुद्द बारोलो गावात पार्किंगला जागा शोधत फिरणाऱ्या गाड्यांची रांग असते. पण तिथून दक्षिणेला, वरच्या अंगाला निघालात की चित्रच पालटतं. या भागाला आल्ता लांगा म्हणतात. उंची वाढते, गारठा वाढतो, वेली मागे पडतात आणि हेझलनटच्या बागा सुरू होतात. न्यूटेलावाली फेरेरो कंपनी मूळची आल्बाचीच. बोस्सोलास्को, मेंढीच्या चीजसाठी नावाजलेलं मुराझ्झानो आणि 896 मीटरवरचं मोम्बार्कारो ही इकडची गावं. विसाव्या शतकात इथली कितीतरी कुटुंबं कारखान्यांतल्या नोकऱ्यांसाठी आल्बा आणि तोरिनोकडे उतरली. माणसं गेली, धारेवरचे रस्ते मात्र राहिले आणि त्यांवर डांबरही आहे. मोटारी कमी असण्याचं खरं कारण हे आहे, कुणी सायकलवाल्यांसाठी सोय केलेली नाही. स्वच्छ सकाळी पश्चिमेला 3,841 मीटरचा मोनव्हिझो डोंगर दिसतो आणि बराच वेळ सोबत करतो. अडचण एकच: लहान गावांतली दुकानं दुपारी काही तास बंद असतात. पाणी आणि खाऊ बाराच्या आत भरून घ्या.

किआन्तीचं गणित उलटं आहे. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या या भागाच्या वाइनची हद्द टस्कनीचा तेव्हाचा राज्यकर्ता तिसरा कोसिमो मेदिची याने 1716 मध्येच आखून दिली होती, म्हणजे प्रसिद्धीचा भार इथे तीनशे वर्षांचा. ग्रेव्हे, पांझानो आणि कास्तेल्लिना यांना जोडणारा 'किआन्तिजाना', म्हणजे एसआर 222, हा नकाशावर सगळ्यांना आधी दिसणारा रस्ता आहे आणि सगळे त्यावरूनच जातात: मोटारी, बस, शिवाय वळणांच्या मोहाने आलेले मोटरसायकलवाले. सकाळी लवकर तो सुरेख आहे. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. लांगेसारखं इथे धारेधारेने डांबरी रस्त्यांचं जाळं नाही. बराच भाग ओकच्या जंगलाखाली आहे आणि बाजूला फुटणारे रस्ते कुठल्यातरी मळ्याच्या फाटकाशी नाहीतर खडीवर जाऊन संपतात.

ती खडी हीच किआन्तीची खरी दौलत. पांढुरक्या मातीच्या या रस्त्यांना 'स्त्रादे ब्यान्के' म्हणतात. ते डांबराखाली जाऊ नयेत या आग्रहातूनच 1997 मध्ये गायोलेहून 'लेरोइका' सुरू झाली. जुन्या सायकलींवर, लोकरीच्या जर्सी घालून दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी निघणारी ही फेरी आज जगभर ठाऊक आहे. व्यावसायिक खेळाडूंची 'स्त्रादे ब्यान्के' शर्यत 2007 पासून होते आणि सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पो या मुख्य चौकात संपते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की लेरोइकाचा 209 किलोमीटरचा मार्ग पाट्या लावून कायमचा आखलेला आहे, वर्षातल्या कुठल्याही दिवशी तुकड्यातुकड्याने करता येतो. गायोलेजवळ ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणारी सायप्रसच्या रांगांमधली पांढरी वाट त्यातली सर्वांत देखणी. टायर 32 मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या. 25च्या टायरवर लोक जातात, पण खडीच्या उतारावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. पाऊस पडून गेला की चिखल, उन्हाळ्यात धूळ. आणि हो, या वाटांवरही मळ्यांच्या गाड्या येतात, फक्त क्वचित आणि हळू.

पोहोचण्याच्या बाबतीत लांगे सरळ जिंकतं. तोरिनोहून आल्बापर्यंत लोकल गाडी आहे आणि इटलीच्या प्रादेशिक गाड्यांमध्ये सायकल बरोबर नेता येते. किआन्तीच्या गाभ्यात, म्हणजे ग्रेव्हे, राद्दा आणि गायोले या गावांत, रेल्वेच नाही. फ्लोरेन्समधून सायकलने बाहेर पडणं म्हणजे शहराची सगळी रहदारी अंगावर घेणं. त्यापेक्षा सिएनाहून सुरुवात करा.

जेवणाच्या ताटावर मात्र शाकाहारी माणसाला किआन्ती परवडतं. गरीब घरांतून आलेलं पाव-घेवड्याचं रिबोल्लिता सूप, टोमॅटो-पावाचं पाप्पा आल पोमोदोरो, लसूण-टोमॅटोतल्या पिची नावाच्या जाड शेवया, असं काहीना काही मिळतं. सूप मांसाच्या रश्शावर आहे का, तेवढं विचारा. लांगेच्या ताजारिन शेवयांमध्ये अंड्यांचं पिवळं भरपूर, वर बहुधा मांसाचा रस्सा, आणि चिमटीने मिटलेल्या 'प्लिन' पास्त्यामध्ये आत खिमाच. तिथे लोणी आणि सेजच्या पानांतले ताजारिन मागवायचे. अंडंही चालत नसेल तर चीज आणि भाज्या.

राहिला बोल्झानो. 1898 साली बोल्झानो ते काल्दारो अशी छोटी रेल्वे सुरू झाली होती. ती बंद पडली आणि आता तिच्या मार्गावरून सायकलचा रस्ता जातो. चढ आगगाडीच्या बेताचा, म्हणजे मुलांना आणि आईबाबांनाही जमणारा. वर पोहोचलात की मळे, खाली काल्दारोचं सरोवर. आदिजे नदीकाठचा सायकल मार्ग पकडला तर थेट त्रेन्तोपर्यंत जाता येतं, पण तो सपाट, आणि आजूबाजूला सफरचंदंच जास्त. म्युनिककडे राहणाऱ्या मराठी मंडळींना आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीमार्गे थेट रेल्वेगाडी असल्याने हे सोयीचं. दमदार चढ शोधणाऱ्याला मात्र दोन दिवसांत कंटाळा येईल.

कुठेही गेलात तरी वाइन संध्याकाळसाठी ठेवा. इटलीत रक्तातल्या दारूची 0.5 ग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. गावाबाहेर अंधारात आणि बोगद्यांत चमकणारं जॅकेटही सक्तीचं आहे.

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर दोन्हीकडे उत्तम. ऑगस्टमध्ये ऊन आणि सुट्टीवरची गर्दी दोन्ही असतात, म्हणून तो टाळावा. ऑक्टोबरमध्येच जायचं असेल, तर किआन्तीत लेरोइकाचा आठवडा सोडून या, कारण गायोलेच्या आसपास खोली मिळणार नाही. लांगेत तेव्हा पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीचा, बाजार भरतो आणि शनिवार-रविवारी आल्बा मोटारींनी तुंबतं. बारोलोकडची गावं सोमवार ते गुरुवारात उरका आणि शनिवार उजाडला की सायकल कोर्तेमिलियाच्या, हेझलनटच्या बाजूला वळवा.