महायुद्धावर गेलेल्या माणसाची नोंद: ऑनलाइन यादी की रेकॉर्ड ऑफिस?

घरातलं कुणी दुसऱ्या महायुद्धात होतं आणि त्याची नोंद शोधायची आहे, तर माझ्या मते कामाच्या वाटा दोनच. एक, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिची ऑनलाइन यादी. दुसरी, पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे तिच्या सैनिकांचे कागद ठेवणारं कार्यालय. लंडनचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो, तो लवकर सोडलेला बरा. ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या तिथल्या जुन्या खात्याचे कागद मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांचे आहेत, शिपायांचे कागद इकडेच राहिले. पंजाबवाल्यांचं नशीब थोर, लाहोरच्या संग्रहालयात त्यांना पहिल्या महायुद्धाच्या गाववार वह्या मिळाल्या, तीन लाखांवर माणसांच्या. मुंबई इलाख्याचं तसं काही माझ्या पाहण्यात नाही. काही गावांत १९१४ ते १९१९ ची दगडी पाटी असते, पण ती किती गेले आणि किती पडले एवढंच सांगते. नावं नाहीत.

माझं प्रकरण असं. आजोबांचे थोरले भाऊ पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, परत आले नाहीत. घरात माहिती एवढीच की ‘मिसरला गेले’, म्हणजे इजिप्तला. आमच्या गावात तेव्हा बोटीत बसलेला प्रत्येक जण मिसरलाच जायचा.

यादीचं कौतुक आधी करतो, कारण ते करायलाच हवं. फुकट आहे, घरबसल्या बघता येते, आणि नाव सापडलं की हुद्दा, माणसाचा सैनिकी नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि कुठल्या स्मारकावर नाव आहे ते एका पानावर मिळतं. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरलाय, म्हणजे लढाई थांबल्यावर नोकरीत असताना वारलेलेही त्यात येतात. मराठ्यांची नावं कुठे कुठे विखुरलीत हे पाहूनच माणूस गप्प होतो. माणगावकडचे यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, १९४४ साली इटलीत पडले. त्यांची कबर नाही की समाधी नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. मात्र ही यादी फक्त मरण पावलेल्यांची. तुमचे पणजोबा सेहेचाळीस साली ट्रंक घेऊन घरी आले आणि पुढे चाळीस वर्षं शेती केली, तर तिथे शोधण्यात अर्थ नाही.

आता जे मला खटकलं ते. आपल्याकडे त्या पिढीत नावं ठरलेली, बाबू, गणू, धोंडू, राघू, आणि आडनावंही ठरलेली. भरतीच्या कारकुनाने इंग्रजीत काय लिहिलं असेल याचा अंदाज बांधत नाव टाकत गेलो, तर एकाच नावाचे, एकाच पलटणीचे, शिपाई हुद्द्याचे दोघे निघाले. एक १९४१ चा, एरिट्रियात केरेनला. दुसरा १९४३ चा, इटलीत. काही नोंदींत वडिलांचं नाव, बायकोचं नाव, जिल्हा असं जादा लिहिलेलं असतं. या दोघांपुढे तो रकाना कोरा. मग घरात सुरू झालं. चुलत भावाने इटलीवाल्या नोंदीचं प्रमाणपत्र डाउनलोड करून, फ्रेम करून बैठकीत लावलंसुद्धा, इटली जरा भारदस्त वाटते म्हणून. काकूंचा प्रश्न साधा होता, श्राद्धाची तिथी कुठली धरायची? त्याला यादीकडे उत्तर नव्हतं. दोष यादीचा नाही म्हणा, जे कागद मिळाले त्यावर ती बनली. पण आपला माणूस ‘बहुतेक हा’ असा मिळणं म्हणजे न मिळण्यापेक्षाही जिवाला लागतं.

रेकॉर्ड ऑफिसकडे वळलो ते यामुळे. मराठ्यांचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांचं, खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. सर्व्हिस कोअरचे, म्हणजे लष्कराच्या रसद-वाहतुकीचे ड्रायव्हर असतील तर बंगळूर, नौदलवाले असतील तर मुंबई. पलटण चुकीची धरली तर पत्र नुसतं फिरत राहतं, तेवढं आधी पक्कं करा.

फार अपेक्षा मात्र ठेवू नका. सैनिकाची तपशीलवार फाइल, म्हणजे शीट रोल, पेन्शन नसलेल्यांच्या बाबतीत २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. कायमचा राहतो तो लाँग रोल, म्हणजे सगळ्यांच्या नावांचं रजिस्टर, आणि त्यात एका माणसाला जेमतेम एक ओळ. आम्हाला आलेलं उत्तर तेवढंच होतं: नंबर, नाव, भरतीची तारीख, नाव कमी केल्याची तारीख, कारण, आणि गाव-तालुका. मी दोन्ही नंबर लिहून पाठवले होते. आमच्या गावचा निघाला तो केरेनचा. चुलत भावाने फ्रेम काही उतरवली नाही. तोही कुणाचा तरी काकाच ना, म्हणतो.

माहिती अधिकारात टाकावं का, हे सगळेच विचारतात. दहा रुपये, तीस दिवस, घाई असेल तर ठीक आहे. पण तिथे विचारलं तेवढ्याचंच उत्तर येतं. दुसऱ्या एका नातेवाइकासाठी एका कार्यालयातून मला ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढ्या एका वाक्यावर वाटेला लावलं गेलं. वारसाच्या साध्या अर्जाला वेळ लागला, पण मध्ये उलट पत्र आलं, वडिलांचं नाव कळवा, जुना तालुका कळवा म्हणून. म्हणजे कुणीतरी रजिस्टर उघडून बसलं होतं. अर्जासोबत नात्याचा पुरावा जोडा, आणि जमलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र. माझा अनुभव एकाच घरचा आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

सगळं अडतं ते नंबरावर. घरात पदकं असतील तर आधी ती काढा. त्या युद्धातल्या भारतीय शिपायांच्या पदकांवर बहुधा नंबर आणि नाव उमटवलेलं असतं, ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या मागच्या बाजूला, गोल पदकाच्या कडेला. दर दसऱ्याला चिंच लावून घासलं असेल तर अंक बोथट झालेले असतात. मागच्या बाजूवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचं शिस हलकं फिरवा, बोटाला न कळणारा आकडा कागदावर उठतो. आजीचं फॅमिली पेन्शनचं पुस्तक असेल तर त्यातही नंबर असतो, आणि पेन्शन चालू होती म्हणजे कागद जास्त टिकले असण्याची आशाही.

नंबर हातात असेल तर मी तरी यादीत वेळ घालवणार नाही, सरळ रेकॉर्ड ऑफिसला लिहीन. नंबर नसेल आणि माणूस युद्धात मरण पावलेला असेल, तर यादीतून नंबर तेवढा घ्या. एकाच नावाचे चार निघाले तर अर्जात चारही लिहा, गावाच्या नावासकट. कोण आपला हे त्यांना रजिस्टर बघून ठरवू द्या, आणि तोवर फ्रेमवाल्याकडे जाऊ नका.